दोन्ही वेव्ह-बोर्ड 84 लिटरचे, मग पाण्यावर इतके वेगळे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वजन 75 किलो, विंडसर्फिंग गोव्यात सपाट पाण्यावर शिकून झालेलं, आता मुक्काम नेदरलँड्सला. वाइक आन झेच्या किनाऱ्यावर लाटांमध्ये उतरायचं म्हणून दोन जुने वेव्ह-बोर्ड पाहून ठेवलेत. दोन्ही 84 लिटरचे, लांबी-रुंदीत दोन-तीन सेंटीमीटरांचाच फरक. एक पटकन प्लेन झाला, म्हणजे वेग घेऊन पाण्यावर उचलला गेला, पण लाटेवर वळताना ताठ वाटला. दुसरा सुरेख वळला पण लाटांमधल्या पाण्यात नुसता रेंगाळला. लिटर सारखेच असताना असं का होतं, आणि घ्यावा कुठला?

आधी उत्तर देतो: पहिला घ्या. ताठपणा फिन (टेलखालचा पंख) आणि मास्ट-फूट (शिडाचा खांब बोर्डला जोडणारा सांधा) हलवून बराच कमी करता येतो. रेंगाळणं मात्र बोर्डच्या तळात घडवलेलं असतं, ते विकत घेतल्यावर बदलत नाही.

लिटरचा, म्हणजे बोर्डच्या आकारमानाचा, हिशेब एकदा करून टाकू, कारण त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. बोर्ड साधारण 7 किलो, 5.0 चौरस मीटरचं शीड, मास्ट (शिडाचा खांब), बूम (हातात धरायचा दांडा), एक्स्टेन्शन (खांबाचा खालचा जोड) मिळून 9 किलोच्या आसपास, तुम्ही 75, ओला वेटसूट आणि हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा कमरेचा पट्टा) 3 किलो. एकूण 94. समुद्राचं पाणी लिटरला 1.025 किलो उचलतं, म्हणजे 84 लिटर उचलणार 86 किलो. वारा पडला की बोर्ड तुमच्यासकट पाण्याखाली जाणार, गुडघ्याच्या खाली कुठेतरी येऊन थांबणार. शीड दोरीने ओढून उभं करणं या बोर्डवर जमत नाही. वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यात असतानाच शिडात वारा भरून त्याच्या ओढीने बोर्डवर चढणं, दोन्ही बाजूंनी, आपटणाऱ्या पाण्यात, पक्का नसेल तर यातला एकही बोर्ड अजून तुमचा नाही. 95 लिटरचा बघा. वॉटरस्टार्ट पक्का असेल तर 75 किलोला उत्तर समुद्रावर 82 ते 88 हा आकडा बरोबर आहे. लिटरचं काम इथे संपलं. बोर्ड सुटणार कसा, वळणार कसा, हे लिटर सांगत नाहीत.

ते सांगतो रॉकर, म्हणजे तळाचा नाकापासून टेलपर्यंतचा बाक. बोर्ड उलटा करून बाजूने पाहिलात तर नाक वर उचललेलं दिसतं, मधे मागच्या बाजूला एक जवळपास सपाट पट्टा, आणि शेवटी टेल परत किंचित उचललेली. हा सपाट पट्टा किती लांब आणि टेल किती उचललेली, यावर निम्म्याहून जास्त स्वभाव ठरतो. सपाट तळ पाण्याला खाली ढकलतो आणि त्या बदल्यात बोर्ड वर उचलला जातो. थोड्या वाऱ्यात प्लेन होतं ते त्यामुळे. बाकदार तळावरून पाणी बाकाला चिकटून वाहतं आणि तळाला खाली ओढतं. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावून बघा, चमचा धारेत ओढला जातो. टेलचं नेमकं तेच होतं. म्हणून जास्त बाकाचा बोर्ड टेलवर बसून राहतो, नाक वर करून पाणी ढकलत चालतो.

मग बाक द्यायचाच कशाला? लाटेच्या पोटात बोर्ड कडेवर कलतो, तेव्हा तळाचा बाक पाण्याच्या पातळीत आडवा येतो आणि तीच वळणाची वाट होते. बोर्ड जितका जास्त कलेल तितका रॉकर वळणात उतरतो. सरळ रॉकरचा बोर्ड कितीही दाबा, तो लांबच लांब कमान काढणार. जबरदस्ती केलीत तर कड सुटून घसरणार. बाकदार बोर्ड त्याच दाबाला अर्ध्या जागेत वळतो. शिवाय उभ्या लाटेवरून खाली येताना उचललेलं नाक पाण्यात घुसत नाही.

इथे किनारा मधे येतो. माउई बेटावरच्या होओकिपाला ईशान्येचा व्यापारी वारा किनाऱ्याला साधारण समांतर येतो आणि लाट उंच, ताकदीची असते. तिथे एकदा लाटेवर चढलात की वेग लाटच देते, शिडाचं काम तोल सांभाळण्यापुरतं. सपाट पट्टा आखूड असला तरी चालतं. उत्तर समुद्रावर वारा बहुतेक वेळा समुद्रावरून तिरका किनाऱ्याकडे येतो. लाट मऊ, जवळजवळची, पांढऱ्या फेसाची. दर वळणानंतर वेग जातो आणि तो शिडातूनच परत मिळवावा लागतो, वर पुढच्या लाटेपर्यंत वाऱ्याकडे चढायचं असतं. होओकिपासाठी घडवलेला बोर्ड इथे आणला की रेंगाळतो. तुमचा दुसरा बोर्ड वाईट नाही, चुकीच्या समुद्रावर आहे. ग्रान कनारियाच्या पोसोला तिसराच प्रकार: वारा इतका की 3.7 चं शीडही मोठं वाटतं. तिथे प्लेन होण्याची चिंता नसते, बोर्ड पाण्यावर धरून ठेवण्याची असते.

रॉकर विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्यात अर्थ नाही, मोजा. गवंडी वापरतात तशी मीटरभराची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पुरते. फिन काढा, बोर्ड उलटा करून फोमच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा. पट्टी तळाच्या मधोमध, टेलपासून पुढे, लांबीत ठेवा आणि सर्वांत सपाट जागेवर बसू द्या. साध्या कागदाचा कपटा पट्टीखाली सरकवत जा. जिथे अडकतो तिथून सपाट पट्टा सुरू होतो. मग टेलच्या टोकाशी पट्टी आणि तळ यांमधली फट मोजा. वेगाकडे झुकणाऱ्या बोर्डवर ही फट काही मिलिमीटरांची असते, खूप बाकाच्या बोर्डवर सेंटीमीटरच्या पलीकडे जाते. दोन्ही बोर्ड एकाच दिवशी, एकाच पट्टीने मोजा. नुसत्या आकड्यापेक्षा दोघांमधला फरक जास्त बोलतो.

आता तेच माप मधोमध न घेता कडेपासून चारेक सेंटीमीटर आत घ्या. इथे लोक फसतात. बहुतेक वेव्ह-बोर्डच्या तळाला व्ही असतो: मधली रेघ खाली, दोन्ही कडा किंचित वर. हा व्ही टेलकडे वाढत गेला तर कडेवरचा बाक मधल्या बाकापेक्षा जास्त होतो. सरळ चालताना बोर्ड मधल्या सपाट रेघेवर धावतो आणि कलला की कडेच्या जास्त बाकावर वळतो. एकाच बोर्डमध्ये दोन रॉकर! चांगल्या घडवणाऱ्याचं कसब इथे दिसतं, आणि डोळ्यांनी ते कळत नाही. मधे आणि कडेला बाक सारखाच निघाला तर तो बोर्ड सरळ जसा वागेल तसाच वळणातही वागेल.

व्हीमुळे या कडेवरून त्या कडेवर जाणं सोपं होतं आणि खवळलेल्या पाण्यात आपटणं कमी होतं. बदल्यात उचल थोडी जाते. म्हणून व्हीच्या दोन्ही पाखांत उथळ खोलगट पन्हळी कोरतात, त्यांना डबल कॉन्केव्ह म्हणतात. त्या गेलेली उचल काही प्रमाणात परत देतात. त्यांच्याबद्दल जाहिरातीत फार लिहिलं जातं. खरा परिणाम रॉकरच्या मानाने लहान.

रेल म्हणजे कड. ही जाड आणि चौकोनी असेल तर त्यात हवा जास्त, बोर्ड तरंगतो, चूक माफ करतो. पण वेगात लाटेच्या पोटात कड रुतवायला गेलात की ती वर उसळते. पातळ कड सुरीसारखी रुतते. पाय चुकीच्या क्षणी पडला तर नको तेव्हाही रुतते आणि माणूस शिडावरून पुढे जातो. नवशिक्याला मध्यम जाडीची कड बरी. दुसरी गोष्ट कडेच्या खालच्या धारेची. पुढे ती गोल असते, पाणी तिच्याभोवती वळून कड धरून ठेवतं. शेवटच्या 30 ते 50 सेंटीमीटरांत ती टोकदार असायला हवी, म्हणजे पाणी तिथून तुटून सुटतं आणि बोर्ड मोकळा धावतो. जुना बोर्ड घेताना या धारेवरून नख फिरवून बघा. दुरुस्ती करताना कुणी सँडपेपरने ती गोल केलेली असते. तसा बोर्ड कायम टेलवर बसतो आणि मालक शिडाला दोष देत राहतो. इपॉक्सी आणि फिलरने धार पुन्हा उभी करता येते, मात्र दोन्ही बाजूंना सारखी हवी.

आउटलाइन, म्हणजे वरून दिसणारा आकार, रॉकरच्या जोडीने वाचायचा असतो. टेलच्या टोकापासून 30 सेंटीमीटरवरची रुंदी मोजा. 84 लिटरच्या बोर्डवर ती साधारण 34 ते 38 सेंटीमीटर भरेल. रुंद टेल लवकर प्लेन होते, मागच्या पायावर गर्रकन फिरते, आणि मोठ्या लाटेवर वेगात उड्या मारू लागते. अरुंद टेल उशिरा सुटते पण पाणी धरून ठेवते. टोक चौकोनी की चिमणीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, याला त्यानंतरचं महत्त्व. दुभंगलेल्या टेलमध्ये रुंदी राखून कड लांब मिळते, म्हणून चार फिनच्या बोर्डवर ती दिसते. माउईच्याच पेआहीसारख्या राक्षसी लाटेवरचे बोर्ड लांब, अरुंद, टोकदार टेलचे असतात, कारण तिथे वळण्याआधी टिकून राहायचं असतं.

मापं काळाप्रमाणे बदलत आली आहेत. 1980 च्या दशकातले वेव्ह-बोर्ड अडीच मीटरांच्या पुढे असत, आजचे बहुतेक 215 ते 230 सेंटीमीटरांत मावतात. त्याच दशकात होओकिपाला दोन्ही कडा वेगवेगळ्या असलेले बोर्डही निघाले: बॉटम टर्नच्या (लाटेच्या पायथ्याशी घेतलेल्या वळणाच्या) बाजूची कड लांब आणि सरळ, टॉप टर्नच्या (लाटेच्या माथ्यावरच्या वळणाच्या) बाजूची आखूड आणि गोल. तर्क बिनतोड होता, फक्त वारा दुसऱ्या बाजूने येणाऱ्या किनाऱ्यावर तो बोर्ड उलटा पडायचा. 2015 च्या सुमारास आखूड, रुंद, जवळपास समांतर कडांचे बोर्ड आले, फॅनॅटिक कंपनीची ‘स्टबी’ त्यातलीच. त्यांच्यात सरळ रॉकरची उणीव आखूडपणाने भरून काढली आहे. मऊ लाटेवर ते छान चालतात. उभ्या लाटेवर पाय उशिरा मागे नेलात तर नाक बुडतं.

आता फिन. तुमचा पहिला बोर्ड ताठ वाटला त्याचं कारण मला तरी आधी इथेच शोधावंसं वाटतं. 84 लिटरच्या बोर्डला 5.0 च्या शिडाबरोबर एकच फिन असेल तर 21 ते 22 सेंटीमीटर. तीन असतील तर मधला 16 ते 18 आणि बाजूचे 8 ते 10. चार असतील तर मागचे दोन 14 ते 15 आणि पुढचे दोन 8 ते 9. शीड लहान झालं की फिनही लहान. जुन्या बोर्डबरोबर बऱ्याचदा आधीच्या मालकाच्या वजनाचे फिन येतात. 90 किलोच्या माणसाचा मधला 19 चा फिन तुम्हाला ताठच वाटणार. तो 17 चा करून बघा.

मधल्या फिनची खाच लांब असते, त्यात फिन पुढे-मागे सरकतो. पुढे सरकवला की बोर्ड मोकळा आणि वळण आखूड, मागे सरकवला की पकड आणि वाऱ्याकडे चढणं चांगलं. एका वेळी 1 सेंटीमीटर पुरे. पुढे फार नेलात तर स्पिनआउट होतो: फिनच्या वरच्या टोकातून हवा खाली शिरते, पकड सुटते आणि टेल आडवी घसरते. बाजूचे फिन नाकाकडे एक ते तीन अंश आत वळवलेले असतात. त्यामुळे एक फिन कायम पाणी धरून असतो आणि वळण सहज सुरू होतं, मात्र सरळ धावताना ते थोडं ओढतात.

बाजूच्या फिनची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. सपाट बाजू आत, बोर्डच्या मधल्या रेघेकडे हवी. डावा उजवीकडे गेला तर बोर्ड अडखळतो, वेग धरत नाही, वळणात मधेच पकड सोडतो, आणि माणूस रॉकर, शीड, स्वतःचं वजन, सगळ्यांना नावं ठेवतो. खरेदीआधी चालवून पाहिलेला बोर्ड असाच जोडलेला नव्हता ना, हे तपासा. स्क्रू बोटांनी बसेल तितका घट्ट करून मग पाव वळसा. त्याहून आवळलात तर फिनची पेटी, म्हणजे फिन बसतो ती खाच, तडकते.

सपाट पाण्यावरून येणाऱ्याची एक सवय इथे आड येते. भारतात विंडसर्फिंग म्हणजे मुख्यतः शर्यत. 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत इबाद अलीने कांस्य मिळवलं तो आरएस:एक्स बोर्ड 286 सेंटीमीटर लांब आणि 93 रुंद. भल्या मोठ्या फिनला मागच्या पायाने रेटायचं आणि वाऱ्याकडे चढायचं. फ्रीराइड बोर्डवरही, म्हणजे सपाट पाण्यावर मजेसाठी चालवायच्या बोर्डवरही, थोडंफार तसंच. वेव्ह-बोर्डच्या छोट्या फिनना तसं रेटलंत की स्पिनआउट ठरलेला. आधी बोर्ड वाऱ्याला किंचित पाठ देऊन वेग घ्या, भार हार्नेसमधून मास्ट-फूटवर जाऊ द्या, मग वाऱ्याकडची कड हलकी दाबून चढा. चढाईचा कोन फ्रीराइडइतका तीव्र मिळणार नाही, ते गृहीत धरा. तीन फिनचा बोर्ड असेल तर पहिल्या काही दिवसांसाठी बाजूचे काढून खाचांवर झाकणं लावा आणि मधे 21 चा एकच फिन घाला. ओळखीचं वाटेल, पाय सवयीला येतील.

मास्ट-फूटची पट्टी बोर्डवर असते, तिच्या मध्यावरून सुरुवात करा. पुढे नेलंत तर नाक खाली राहतं, जोराच्या वाऱ्यात ताबा मिळतो, कडेचा लांब भाग पाण्यात येऊन वळण मोठं होतं. मागे आणलंत तर बोर्ड हलका आणि चपळ, पण झुळकीत नाक उडू लागतं. इथेही 1 सेंटीमीटरचा फरक पायाला कळतो. तुमच्या ताठ बोर्डवर क्रम असा ठेवा: आधी मधला फिन लहान, मग मास्ट-फूट 1 सेंटीमीटर मागे, मग मागचा फूटस्ट्रॅप (पाय अडकवायचा पट्टा) एक भोक मागे, म्हणजे पाय फिनच्या वर येईल. एका फेरीत एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. बॉटम टर्नमध्ये कड अडकून पुढे पडत असाल तर मास्ट-फूट फार पुढे आहे, किंवा तुम्ही बोर्ड कलवण्याआधी वेग सोडताय. टॉप टर्नमध्ये टेल घसरत असेल तर फिन जरुरीपेक्षा लहान झाला, अर्धा ते एक सेंटीमीटर परत वाढवा.

पैसे देण्याआधीची तपासणी. बोर्ड स्ट्रॅप आणि फिनशिवाय तोला. आतला गाभा ईपीएस फोमचा, वर पीव्हीसी फोम, काचेचे किंवा कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी. कोरड्या अवस्थेत 84 लिटरचा बोर्ड साधारण 6 ते 7.5 किलो भरतो. कंपनीच्या आकड्यापेक्षा किलोभर जास्त भरला तर आत पाणी आहे, सोडून द्या. टाचा पडतात तिथे अंगठ्याने दाबा. दबून परत वर आलं तर वरचा थर सुटलाय. नाकावर मास्ट आपटल्याच्या खुणा, फिनच्या पेट्यांभोवती केसासारख्या तडा, मास्टच्या पट्टीच्या कडा, तिन्ही जागा ओल्या फडक्याने पुसून उजेडात तिरक्या धरून बघा. पेटीभोवतीची तडा वरवरची वाटली तरी दुरुस्ती महाग पडते. व्हेंट स्क्रू, म्हणजे आतली हवा सोडायचा स्क्रू, आहे का, त्याचं रबरी वायसर शाबूत आहे का, तेही पाहा. सुट्टीत बोर्ड विमानाने गोव्याला आणलात तर प्रवासात स्क्रू सैल ठेवा, पाण्यात उतरताना घट्ट करा, आणि मे महिन्याच्या उन्हात काळ्या पिशवीत गाडीच्या टपावर सोडू नका. आतली हवा फुगून वरचा थर एका दुपारीत सुटतो.